गुरुत्वाकर्षण नेमकं किती जोरदार? शंका घेणाऱ्याशी आकड्यांनिशी बोलताना

‘अख्खा समुद्र पृथ्वीला धरून ठेवणारं गुरुत्वाकर्षण एका फुलपाखराला का धरून ठेवू शकत नाही?’ हा प्रश्न मोबाइलवर चित्रासकट फिरत असतो. विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर नकोच असतं. गुरुत्वाकर्षण ही शाळेत घोकून घेतलेली कहाणी आहे, एवढंच त्याला सुचवायचं असतं. पण उत्तर देणारे तरी कुठे उत्तर देतात? ‘नववीचं पुस्तक उघड’ म्हणतात, न्यूटनचं नाव घेतात आणि विषय संपवतात. मला हे दुसरं जास्त खटकतं. विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

फुलपाखरू अर्ध्या ग्रॅमचं धरू. पृथ्वी त्याला साधारण ०.००५ न्यूटन बलाने खाली ओढते. पंखांनी हवा खाली ढकलून तेवढं बल मिळवलं की ते वर उडतं. आता समुद्रातलं अर्धा ग्रॅम पाणी घ्या. त्यालाही पृथ्वी नेमकी तेवढ्याच, ०.००५ न्यूटन बलाने ओढते. समुद्रासाठी वेगळं, दणकट गुरुत्वाकर्षण नसतं. प्रत्येक किलोमागे ओढ सारखीच, किलोमागे सुमारे ९.८ न्यूटन. समुद्रावरची एकूण ओढ प्रचंड आहे, कारण समुद्रात प्रचंड किलो पाणी आहे. आणि थोडंसं पाणी वर उडवायचं तर तेही सहज उडतं: लाट खडकावर आपटली की तुषार माणसाच्या डोक्यावरून जातात.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, तर पाणी भिरकावलं का जात नाही? वेग ऐकायला भयंकर वाटतो, पण एक फेरी पुरी व्हायला पूर्ण दिवस लागतो, म्हणजे वळण फार हळू आहे. त्या वळणावर टिकून राहायला किलोमागे ०.०३४ न्यूटन बल पुरतं. हाताशी आहे ९.८ न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा २९० वा हिस्सा या कामी खर्च होतो, बाकी सगळा शिल्लक राहतो.

वाद इथेच संपायला हवा, पण संपत नाही. दोन्ही बाजू ‘गुरुत्वाकर्षणाचा जोर’ म्हणताना वेगवेगळ्या राशींबद्दल बोलत असतात. एक आहे एखाद्या वस्तूवरचं बल, म्हणजे तिचं वजन. ते वस्तूप्रमाणे बदलतं. दुसरी राशी गुरुत्व त्वरण, किलोमागची ओढ. ती जागेप्रमाणे बदलते. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, चंद्रावर साधारण १.६. तिसरा गुरुत्व स्थिरांक: एक किलोचे दोन गोळे एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले तर ते एकमेकांना किती ओढतील, ते सांगणारा आकडा. तो विश्वात सगळीकडे एकच आहे आणि विलक्षण लहान आहे: ०.००००००००००६६७ न्यूटन. समोरचा समुद्राच्या वजनाबद्दल बोलत असताना आपण गुरुत्व स्थिरांक सांगत बसलो, तर दोघंही बरोबर असून भांडण चालूच राहतं. म्हणून मी पहिल्यांदा विचारतो, ‘तुम्ही या तिघांपैकी कशाबद्दल म्हणताय?’

त्या तिसऱ्या आकड्याकडे पाहून कुणी म्हणालं, की गुरुत्वाकर्षण फार दुबळं आहे, तर त्याला बिनदिक्कत ‘हो’ म्हणावं. खाली अख्खी पृथ्वी ओढत असताना छोटासा चुंबक टाचणी उचलतो, हा त्याचाच पुरावा आहे. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातली विद्युत ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वीय ओढीच्या सुमारे २ वर ३९ शून्यं इतकी पट आहे. मग ग्रहताऱ्यांच्या हालचालींवर विद्युत बलाची सत्ता का नाही? कारण विद्युत प्रभार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे असतात आणि मोठ्या वस्तूत ते एकमेकांना पुसून टाकतात. वस्तुमान ऋण नसतं. जितकं साहित्य वाढेल तितकी ओढ वाढतच जाते, कापली जात नाही. दुबळं असूनही ते बेरजेवर जिंकतं.

हा दुबळेपणा किती टोकाचा असावा? १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी लहर, पकडली. सूर्याच्या ३० पटींच्या आसपास वस्तुमान असलेली दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि तरीही चार किलोमीटर लांबीच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी कमी इतकीच बदलली. तशीच वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

आता एक वेगळा आक्षेप. काही लोक म्हणतात, गुरुत्वाकर्षण नाहीच. जड घनतेची वस्तू खाली जाते, हलक्या घनतेची वर येते, एवढंच आहे. दगड बुडतो, लाकूड तरंगतं, फुगा उडतो. हे ऐकायला पटतं, कारण यातली निरीक्षणं खरी आहेत. पण लाकडाला वर ढकलणारं प्लावक बल येतं कुठून? खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचं वजन असतं, म्हणून खाली दाब जास्त असतो, आणि दाबातला तो फरक लाकडाला वर रेटतो. वजनच काढून घेतलं तर ‘खाली’ नावाची दिशाच उरत नाही. अंतराळ स्थानकात सगळंच मुक्त पतनात असतं; तिथे पाण्याच्या गोळ्यातला हवेचा बुडबुडा वर येत नाही, असेल तिथेच राहतो. पाण्याची आणि हवेची घनता तर बदललेली नसते. आणि जिथे तरंगायला काहीच नाही अशा निर्वातात पीस आणि हातोडा बरोबरच खाली येतात. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्ये चंद्रावर ते करून दाखवलं.

यापुढे मुद्द्याचा प्रश्न येतो. गोष्टी खाली पडतात हे मान्य. पण पृथ्वीचं वस्तुमान त्यांना ओढतं, हे कुणी पाहिलं? दोन वस्तू नुसत्या वस्तुमानामुळे एकमेकांना ओढतात, हे कुणी मोजलं? ही शंका मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण शास्त्रज्ञांनाही ती होती आणि ती फिटायला शंभरहून अधिक वर्षं लागली.

न्यूटनने १६८७ मध्ये नियम मांडला तेव्हा त्याच्याकडे आकाशातला पुरावा होता. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाने घटत असेल तर तिथे ती ३,६०० पट कमी हवी, म्हणजे किलोमागे ०.००२७ न्यूटन. चंद्राचं अंतर ३,८४,४०० किलोमीटर आणि प्रदक्षिणेचा काळ २७.३ दिवस यांवरून त्याला वळवायला लागणारी ओढ काढा, तीही ०.००२७ येते. कॅल्क्युलेटर असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पण जमिनीवरच्या दोन वस्तूंमधली ओढ मोजता येईल असं न्यूटनला वाटत नव्हतं. अख्खा डोंगरही ओळंब्याला फारसा हलवू शकणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

डोंगराने ओळंबा हलवला. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे याने १७३८ मध्ये आताच्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वताजवळ पहिला प्रयत्न केला. मोजणी ओबडधोबड होती, पण ओळंबा पर्वताकडे झुकल्याचं तिने दाखवलं. मग १७७४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्किलिन स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही अंगांना तंबू ठोकून बसला. ताऱ्यांच्या संदर्भाने पाहता दोन्ही बाजूंचे ओळंबे डोंगराकडे झुकले होते, आणि दोन्ही झुकाव मिळून ११.६ विकलांचा फरक पडत होता. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. गणिती चार्ल्स हटनने डोंगराच्या आकाराचा हिशेब करताना समान उंचीच्या जागा रेषांनी जोडल्या (नकाशातल्या समोच्चरेषांचा हा एक आरंभीचा वापर) आणि डोंगराची ओढ पृथ्वीच्या ओढीशी ताडून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ४.५ पट काढली.

नंतर इंग्लंडचा शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश. प्रयोगाची कल्पना आणि उपकरण जॉन मिचेल नावाच्या पाद्र्याचं, पण प्रयोग करण्याआधीच १७९३ मध्ये तो वारला. कॅव्हेंडिशने उपकरण सुधारून लंडनच्या दक्षिणेला क्लॅपममध्ये १७९७-९८ मध्ये मोजणी केली. माणसापेक्षा लांब, सुमारे सहा फुटी दांडा बारीक तारेला आडवा टांगलेला, त्याच्या दोन टोकांना पाऊण किलोच्या आसपासचे शिशाचे गोळे. त्यांच्याजवळ १५८ किलोचे दोन शिशाचे गोळे आणायचे आणि तारेला किती पीळ पडतो ते बघायचं. माणूस खोलीत शिरला तर त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलायची, म्हणून कॅव्हेंडिश बाहेर बसून दुर्बिणीतून वाचन घेई आणि मोठे गोळेही बाहेरूनच कप्पीने सरकवी. छोट्या गोळ्यावरची ओढ होती पाव मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या एका कणाच्या वजनाएवढी. ती त्याने मोजली आणि पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट सांगितली. त्याच्या बेरजेत एक चूक होती, ती दुरुस्त केली की ५.४५ येतात. आजचा आकडा ५.५१ आहे.

‘ते चुंबकत्व असेल, हवेचा झोत असेल’ असं आज म्हटलं जातं. कॅव्हेंडिशलाही हीच धास्ती होती. चुंबकाचा परिणाम होतो का, हे त्याने वेगळं तपासलं. मोठे गोळे मुद्दाम दिव्यांनी तापवून गरम हवेचा परिणाम किती होतो तेही पाहिलं. शंका घेणाऱ्याला हा भाग जरूर सांगावा. त्याला सुचलेली शंका प्रयोग करणाऱ्यालाही सुचली होती आणि त्याने तिच्यावर आठवडे घालवले, हे कळलं की संभाषणाचा सूर बदलतो. प्रयोग तेव्हापासून जगभर पुन्हापुन्हा होत आला आहे. २०२१ मध्ये व्हिएन्नातल्या गटाने जेमतेम ९० मिलिग्रॅमच्या, दोन मिलिमीटर व्यासाच्या सोन्याच्या गोळ्याची ओढ मोजली.

आपल्याकडचा एक प्रसंग याच साखळीतला आहे आणि तो मराठीत फारसा सांगितला जात नाही. जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालली होती. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेला हिमालयाच्या दिशेचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर साखळी-त्रिकोणांनी मोजलं, आणि तारे बघूनही काढलं. दोन्हींत ५.२ विकलांचा फरक आला, जमिनीवर साधारण १६० मीटर. इतक्या काटेकोर मोजणीत हा फरक फार मोठा होता. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, हे उघड होतं. कोलकात्यातले पाद्री आणि गणिती जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला, तर फरक जवळजवळ १५.९ विकला यायला हवा होता. म्हणजे हिमालय अपेक्षेच्या एक तृतीयांशच ओढत होता!

‘गुरुत्वाकर्षणाचा नियम चुकला’ असं म्हणायला याहून चांगली संधी कुणाला मिळणार? त्याच वर्षी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी दुसरं उत्तर दिलं: पर्वतांची हलक्या खडकाची मुळं खाली जड थरात खोलवर गेलेली असतात, म्हणून त्यांची एकूण ओढ दिसते त्यापेक्षा कमी भरते. पुढे भूकंपलहरींनी ही मुळं खरंच आहेत हे दाखवलं. आज ओढीतल्या अशाच फरकांवरून खनिजांचा आणि तेलाचा माग काढतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ओढ इतकी कमी आहे, की तिथे समुद्राची पातळी प्रमाण पातळीपेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप, ज्यावर विज्ञानाची बाजू घेणारे हटकून गडबडतात. ‘शास्त्रज्ञांचंच गुरुत्व स्थिरांकाच्या किमतीवर एकमत नाही.’ हे खरं आहे, आणि ते लपवू नये. मान्य किंमत ६.६७४३० अशी दिली जाते (त्यापुढे दहाचा उणे अकरावा घात), आणि तिच्यातली अनिश्चितता दशलक्षात २२ भाग. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आपल्याला अब्जात एका भागाहूनही नेमकं ठाऊक आहे. त्यापुढे ही अचूकता फारच तोकडी. शिवाय चांगल्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांपासून दहा हजारात पाच भागांपर्यंत दूर जातात. चीनमधल्या वूहानच्या गटाने २०१८ मध्ये दोन पद्धतींनी मोजलं: एकीने ६.६७४१८ आलं, दुसरीने ६.६७४४८. त्याआधी १९९० च्या दशकात जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थेतला आकडा तर ०.६ टक्क्याने जास्त आला होता. तो इतर कुणालाच मिळाला नाही.

इतकं अवघड का जातं? कारण ओढ दुबळी आहे आणि तिला अडवता येत नाही. विद्युत बल धातूच्या पेटीने रोखता येतं. गुरुत्वाकर्षणाला पेटी नाही. भिंत ओढते, शेजारची माणसं ओढतात, पाऊस पडून जमिनीत मुरलेलं पाणीही ओढतं. तारेच्या पिळात किंचित ढिलाई आली तरी आकडा सरकतो.

पण वाद कितव्या अंकाबद्दल आहे तेही सांगायलाच हवं. ६.६७ पर्यंत सगळे एक आहेत. मतभेद त्यापुढे आहेत. ओढ आहे की नाही, हा तर प्रश्नच नाही. मग इतक्या कच्च्या आकड्यावर उपग्रह कसे चालतात? कारण उपग्रहाला नुसता गुरुत्व स्थिरांक लागत नाही, लागतो तो त्याचा आणि पृथ्वीच्या वस्तुमानाचा गुणाकार. तो कक्षांवरून थेट मिळतो आणि अब्जात दोन भागांपर्यंत अचूक आहे. खरं तर पृथ्वीचं वस्तुमान किलोत किती, हेच आपल्याला गुरुत्व स्थिरांकाइतकं कच्चं ठाऊक आहे.

गुरुत्व त्वरणाची अचूकता तर सराफाच्या काट्यापर्यंत पोहोचते. इलेक्ट्रॉनिक काटा बल मोजतो आणि ग्रॅम दाखवतो. लंडनमध्ये जुळवलेला असा काटा तसाच मुंबईत आणून १०० ग्रॅम सोनं ठेवलं तर तो सुमारे ९९.७४ ग्रॅम दाखवेल, कारण लंडनला गुरुत्व त्वरण ९.८१२ आहे आणि मुंबईला ९.७८६. म्हणून अचूक काटा ज्या गावी वापरायचा तिथेच जुळवावा लागतो. घनतेचा सिद्धान्त मांडणाऱ्याने या पाव ग्रॅमचा हिशेब द्यावा. सोन्याची घनता दोन्ही शहरांत एकच आहे.

शास्त्रज्ञ शंका सहन करत नाहीत, असंही म्हटलं जातं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एफ्राइम फिशबाक आणि सहकाऱ्यांनी हंगेरीच्या ओत्वश यांच्या जुन्या प्रयोगाचे आकडे पुन्हा तपासले आणि लिहिलं, की वेगवेगळी द्रव्यं किंचित वेगळ्या ओढीने पडताना दिसतात, कदाचित निसर्गातल्या ज्ञात चार मूलभूत बलांखेरीज एक पाचवं बल असावं. हा न्यूटनवरच आक्षेप होता, आणि तो नावाजलेल्या नियतकालिकात छापला गेला. पुढची काही वर्षं जगभरचे लोक उंच मनोऱ्यांवर, कड्यांच्या काठी, खाणींत उपकरणं घेऊन गेले. पाचवं बल सापडलं नाही. मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहाने २०२२ मध्ये दिलेल्या अंतिम निकालानुसार, दोन वेगळे धातू पडताना त्यांच्यात फरक सापडला नाही, आणि ही तपासणी दहाच्या पंधराव्या घातात काही भाग इतकी बारीक होती.

वाद घालताना मी हे उदाहरण आवर्जून देतो आणि त्यालाच जोडून विचारतो: ‘कोणता निकाल दिसला तर तुम्ही मत बदलाल?’ फिशबाककडे याचं उत्तर आकड्यात होतं. ज्याच्याकडे काहीच उत्तर नाही, त्याच्याशी रात्रभर बोलून उपयोग नसतो. पण वाचणारे इतरही असतात, आणि त्यांच्यासाठी आकडे नीट मांडून ठेवणं मला गरजेचं वाटतं. हेटाळणी मात्र करू नये. ती वाचून पटायला आलेला माणूसही दूर जातो.

आणि जो खरंच तपासायला तयार आहे, त्याला दोरी द्यावी. बांधलेल्या टोकापासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर दोरी घ्यायची, झोका लहान ठेवायचा आणि ५० हेलकाव्यांना (जाऊन परत आलं की एक) किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं. महाराष्ट्रात कुठेही १०० सेकंदांच्या जरा पुढे आकडा येईल. सेकंदांना ५० ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, आणि ३९.४८ ला त्या वर्गाने भागा. उत्तर ९.८ च्या आसपास येतं. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी उत्तर एखाद्या टक्क्यानेच हलतं. मग दोरी तीच ठेवून वजन बदला: लोखंडी नट, लाकडाचा ठोकळा, मिठाची पुडी. न्यूटनने स्वतः हेच केलं होतं. सारख्याच लाकडी डब्यांत सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून त्याने ते अकरा फुटी दोऱ्यांना टांगले आणि जोडीजोडीने झुलवले. सोन्याची घनता गव्हाच्या कैक पट असते. डबे बराच वेळ बरोबरीने झुलत राहिले.